दर अमावास्येला बंद पडणारी गाडी

डिझेल इंजिनाच्या पंपाच्या कामाला बसण्याआधी तीन गोष्टी करायच्या असतात. चपला दाराबाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि पंखा बंद करायचा. दौंडला स्टेशनमागच्या गल्लीत माझी पंपरूम होती. तिथे दारावर मी हे तिन्ही नियम खडूने लिहून ठेवले होते. चपला बाहेर, हात धुतलेले, आत कोणी मोठ्याने बोलत नाही, हे पाहून खेड्यातली नवी गिऱ्हाइकं उंबऱ्याला हात लावून पाया पडायची. मी आधी समजावून सांगायचो, की बाबांनो, आत देव नाही, धुळीची भानगड आहे. पुढे सांगणं सोडून दिलं. पाया पडणारा माणूस निदान कोपऱ्यात तंबाखू तरी थुंकत नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच भयंकर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. तो मारतो नोझल, आणि नोझलला डिझेल मोजून देतो पंप. किती? माणसांनी भरलेली गाडी चढ चढत असली तरी एका वेळी मुगाच्या दाण्याएवढंच. तेही मिनिटाला शेकडो वेळा, प्रत्येक सिलिंडरला सारखं. या पंपाच्या आतल्या दांड्या आपापल्या नळीत इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात की मधून केससुद्धा जाणार नाही. हातात जरा जास्त वेळ धरली तर आपल्या अंगाच्या उबेने दांडी फुगते आणि नळीत जायचं नाकारते. मग ती खाली ठेवून तिचा राग जायची वाट बघावी लागते.

आमचं काम म्हणजे हा पंप खोलणं, साफ करणं आणि बेंचवर लावून जुळवणं. बेंचवर चार काचेच्या नळ्या असतात. पंप फिरवला की चारही नळ्यांत डिझेल पडतं. एकीत कमी, एकीत जास्त पडलं तर इंजिन थरथरतं. पंगतीत वाढणाऱ्याने चौघांच्या वाटीत सारखी आमटी वाढावी, तसं करायचं. जुळवून झालं की जास्तीत जास्त डिझेलच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारायचं. सील तुटलं म्हणजे कोणीतरी बोट घातलं.

बोट सगळेच घालायचे. उसाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर होता. दर मोसमात सील तोडून डिझेल वाढवायचा आणि पिस्टन जाळून माझ्याकडे यायचा.

"मिस्त्री, धूर निघाला पायजे. धूर न्हाई तर ताकद आल्याली कळायची कशी?"

"ताकद चाकाला कळते. धूर मागून येणाऱ्या सायकलवाल्याला कळतो."

"कळू द्या की त्यालाबी!"

असा माणूस सुधारत नाही. पण तो फसवत नव्हता. मी विचारायच्या आधीच सांगायचा, की सील मीच तोडलं. बिघाडाचं कारण माणूस स्वतः सांगतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं अवघड असतं ते ज्याला कारण माहीतच नाही त्याच्याकडून ते काढून घेण्यात. माझ्या सगळ्या कामांत असं सर्वांत अवघड काम निघालं ते निमोण्याच्या गणपतच्या गाडीचं. ते आता सांगतो.

सत्तरच्या पुढच्या वर्षांत पेट्रोल इतकं महागलं की जुन्या मोटारी लोकांच्या दारात कोंबड्यांचा आसरा होऊन बसल्या. ज्यांना गाडी चालवूनच पोट भरायचं होतं त्यांनी एक युक्ती काढली. पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि मिळेल ते डिझेल इंजिन आत बसवायचं. 'मिळेल ते' हे शब्द मी विचार करून लिहितो आहे. बॉनेट उघडलं की आत काय दिसेल याचा नेम नसायचा.

गणपतने शिरूरच्या बाजारात एक जुनी काळी मोटार घेतली होती. तिच्यात त्याने बसवलं ते तंबूतल्या सिनेमाच्या जनरेटरचं चार सिलिंडरचं इंजिन. तंबू मोडला, मालकाने सामान विकलं, ते याने उचललं. शिरूरला रेल्वे नाही, दौंड जंक्शन. शिरूर, निमोणे आणि वाटेवरच्या गावांतली माणसं दौंडला रेल्वेगाडीवर न्यायची आणि उतरलेली परत आणायची, असा त्याचा बेत होता. बेत चांगला होता. इंजिन बसवणाऱ्या फिटरचं कामही चांगलं होतं. फक्त गाडी चालत नव्हती, उड्या मारत होती.

शिरूरच्या बाजाराच्या दिवशी मी तिथल्या एका गॅरेजमध्ये कामं गोळा करायला जायचो. गणपतने गाडी तिथे आणली. वय पंचविशीचं, उंच, पाठ थोडी वाकलेली, आवाज अगदी हळू.

"मिस्त्री, पाय दिला की आधी कायच व्हत न्हाई. मंग एकदम उधळती. पुढचं माणूस काचंवर जातंय."

मला कारण लगेच कळलं, कारण इंजिन कुठलं ते मी विचारून घेतलं होतं. जनरेटरच्या इंजिनाला एकाच चालीने फिरायची शिकवण असते. पडद्यावरचं चित्र हलू नये, दिवे मंद होऊ नयेत, म्हणून त्याच्या पंपात एक गव्हर्नर असतो. चाल जरा कमी झाली की तो डिझेल वाढवतो, जास्त झाली की तोडतो. असं इंजिन मोटारीत बसवलं की ड्रायव्हर एक सांगतो आणि गव्हर्नर दुसरं करतो. एका घरात दोन कारभारी.

पंप दौंडला नेला. गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलल्या. इंजिन सावकाश असताना किती, मधल्या चालीत किती, भर वेगात किती, असं तीन टप्प्यांत डिझेल जुळवलं. पण बेंच काही चढ चढत नाही. शेवटची जुळणी रस्त्यावरच करावी लागते आणि तीही ओझं घेऊन. मी निमोण्याला जाऊन म्हणालो, की सातआठ माणसं बसवा, चढावर गाडी न्यायची आहे. फुकट फेरी आहे म्हटल्यावर अख्खी आळी आली. कोणाला बसवायचं यावरून भांडण झालं. शेवटी वजनदार तेवढी माणसं मी निवडली. न निवडलेले लोक पुढे कित्येक दिवस माझ्यावर नाराज होते. मी मागच्या सीटवर उलटा गुडघ्यांवर बसून काचेतून धुराकडे बघत होतो आणि गणपतला सांगत होतो, थांब. थांबलं की बॉनेट उघडून स्क्रू थोडा फिरवायचा, परत चढ. चौथ्या-पाचव्या खेपेला धूर नाहीसा झाला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढली. तंबूतल्या सिनेमाचं ते इंजिन इतकं गोड चालायला लागलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. सील मारताना तार मी दोनदा ओवली.

गणपतची आई हौसाबाई अंगणात उभी राहून हे सगळं बघत होती. नवरा लवकर गेलेला. दोन म्हशींच्या दुधावर तिने हा मुलगा वाढवला होता. तिने माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "मिस्त्री, आता लगीन करते ह्याचं. गाडी आधी आली, सून मागनं येऊ दे."

तसंच झालं. केडगावकडची सुमन नावाची मुलगी सून म्हणून आली आणि वरात या गाडीतूनच आली. मी लग्नाला होतो. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत गाडी दौंडच्या वाटेवर बंद पडली. गणपतने फिल्टर काढून, धुऊन, परत बसवून कशीबशी ती माझ्यापर्यंत आणली. मी फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून घेतली, नळ्या फुंकल्या. तळाला पाणी होतं. डिझेलमध्ये पाणी ही नेहमीची गोष्ट. अंगणात पिंप ठेवलं असेल, झाकण नीट नसेल, असं म्हणून मी त्याला जाड कापडातून डिझेल गाळून घ्यायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात परत तेच. या वेळी पंपाची एक दांडी गंजून अडकली होती. मी त्याला जरा रागावूनच विचारलं, "गणपत, टाकीत काय घालतोस?"

"डिझेल. दुसरं काय घालनार?"

"रॉकेल?"

"आईची शप्पत, थेंब न्हाई."

"पिंप कुठंय?"

"पिंप काढून टाकलं. आता पंपावरनं थेट टाकीत घेतो."

माणूस खरं बोलत होता, हे दिसत होतं. मी डिझेल भरायचा पेट्रोल पंप बदलायला सांगितलं. त्याने बदलला. पुढच्या महिन्यात गाडी परत बंद पडली. मी संशयितांची यादी करत होतो आणि एकेक नाव खोडत होतो. पिंप, रॉकेल, पेट्रोल पंप, टाकीला आतून धरलेला गंज. शेवटी यादीत माझंच काम उरलं. तेही मी परत बेंचवर तपासलं. चारही नळ्या सारख्या होत्या.

तिसऱ्या वेळी गणपत पंप घ्यायला आला तेव्हा तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"मिस्त्री, तुम्ही रागवू नका. ही गाडी आवसंला बंद पडती. तिन्ही वेळा आवसंलाच."

"डिझेलला काय पंचांग कळतं का?"

"मला कळतंय वो. पण मानसं बसंनात. म्हनत्यात, आवसंला त्याच्या गाडीत बसू नका." तो मग खाली बघून म्हणाला, "लोकं म्हनत्यात, लगीन झाल्यापासनं सुरू झालं. हिच्या पायगुनानं."

"कोण लोकं?"

"आधी लोकंच म्हनत व्हती. आता आयेबी म्हनती."

"आणि तू?"

त्याने पंप घ्यायला हात पुढे केला.

मग कळलं की सुमनच्या वडिलांना निरोप गेला होता. पुढच्या अमावास्येला गाडी परत बंद पडली, तर त्यांनी येऊन मुलीला घेऊन जायचं. किती दिवसांसाठी, हे निरोपात नव्हतं. अशा निरोपाचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो. तिला तोवर गाडीत बसायला बंदी होती. गाडीच्या समोरून जायलाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी निमोण्याला येतो. एक गोष्ट लक्षात ठेव. गाडी बंद पडली तर कशालाही हात लावायचा नाही. फिल्टर खोलायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही."

कारण एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं, की हा स्वच्छ मुलगा दर वेळी रस्त्यातच फिल्टरची वाटी धुऊन मग माझ्याकडे येत होता. जे बघायचं ते दर वेळी रस्त्याकडेच्या मातीत सांडत होतं.

त्या अमावास्येला मी सकाळच्या एसटीने निमोण्याला पोचलो. फाट्यावरून गावात चालत जाताना पुढे गाडी गावाकडे परत जाताना दिसली, पण ती इंजिनाने जात नव्हती. दोन बैल तिला ओढत होते आणि गणपत स्टिअरिंग धरून बसला होता. मागे पोरंबाळं. गावाबाहेर पडते न पडते तोच ती थांबली होती.

"व्हय मिस्त्री," बैलांचा मालक ओरडला, "तुमच्या पंपापरास माझी ढवळ्या-पवळ्याची जोडी बरी! आवसंलाबी चालत्यात!"

हसायला सगळे होते. गणपत नव्हता.

अंगणात आलो तर पडवीत एक पन्नाशीचे गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. सुमनचे वडील, म्हादू आप्पा. केडगावला रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये काम करायचे. त्यांच्या पायाशी हिरवी पत्र्याची ट्रंक, दोरीने बांधलेली. म्हणजे गाडी निघायच्या आधीच ट्रंक बांधून झाली होती. हौसाबाई चुलीपाशी होती. सुमन आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, वीस वर्षांची असेल-नसेल. डोळे कोरडे. तिने मला बघून पदर नीट केला, एवढंच.

मी थेट कामाला लागलो. अंगणात पाणी शिंपडायला सांगितलं, ओलं पोतं अंथरलं आणि फिल्टरची वाटी काढली. आतलं सगळं एका काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला उजेडात धरला.

वर डिझेल होतं. त्याखाली गढूळ पाणी. आणि पाण्यात तळाशी पांढरे गोळे, चिकट, बोटाला लागले की निघेनात. असं मी आजवर कुठल्याच फिल्टरमध्ये पाहिलं नव्हतं. मी पेला नाकाशी नेला. आमच्या धंद्यात नाक सगळ्यात आधी कामातून जातं. इतकी वर्षं डिझेलमध्ये बसल्यावर मला फक्त डिझेलचा वास येतो. गणपतने हुंगून पाहिलं, त्यालाही कळेना. मला डिझेलने न मेलेलं नाक हवं होतं, आणि पांढऱ्या चिकट गोळ्यांची माहिती असलेलं कोणीतरी. दुधाचा धंदा करणारी बाई समोर होती.

"मावशी," मी हाक मारली, "जरा इकडं या. हे बघा बरं कशाचं आहे?"

हौसाबाई हात पुसत आली. तिने पेला घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"दूध हाय की ह्ये. नासल्यालं दूध." तिने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "आन् तूप हाय. म्हशीचं तूप हाय ह्ये, मिस्त्री. चिकाट लागतंय ते..."

बोट तसंच अंगठ्यावर राहिलं.

मला तोपर्यंत काहीच कळलं नव्हतं. मी दुधाच्या कॅनचा विचार करत होतो, गणपत त्याच कॅनने डिझेल आणतो की काय म्हणून. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि उरलेलं मला तिथेच दिसलं. तिने एकदा ट्रंकेकडे पाहिलं. मग दाराकडे. अंगणात शेजारपाजारचे लोक होते, बैलवाला होता, व्याही बसलेला होता. ते दूध-तूप टाकीत कुठून आलं हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. 'कुठनं आलं कुनास ठावं' म्हणून तिने पेला माझ्या हातात परत दिला असता, तर मला पुढे काही सिद्ध करता आलं नसतं.

तिने पेला जमिनीवर ठेवला.

"गणपा," ती म्हणाली, "ह्ये माझं हाय."

"काय तुझं?"

"ह्ये पंचामृत. आवसंला पूजा करते न्हवं गाडीची. नारळ फोडते, हळद-कुकू लावते. आन् टाकीचं झाकन काढून पळीभर आत सोडते."

मग गणपतचा तो हळू आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "आये! टाकीत? टाकीत कुनी पंचामृत घालतंय व्हय?"

"का? घरात दोन लक्ष्म्या आल्या, एक सून आन् एक गाडी. लगीन झालं त्या महिन्यापासनं सुरू केलं. सुनंच्या हातावर परसाद ठिवते, मग गाडीला का उपाशी ठिवायची? पहिल्यांदा बंद पडली, तवा वाटलं कमी पडलं. मंग दोन पळ्या सोडल्या." ती अंगणातल्या सगळ्यांकडे बघत होती. "आज वाटीभर वतलं. म्हनलं, आज तरी बंद पडू नये. आज पडली तर सून जाती."

बैलवाल्याला हसू फुटलं. त्याच्यामागून एकदोन जण हसले. म्हादू आप्पांनी टोपी डोक्यावर घातली.

"म्हंजी इवाईनबाई, माझ्या पोरीचा पाय वाईट न्हवता. तुमची पळी मोठी व्हती."

ते लागलं. हौसाबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं आणि गणपत तर आईवर ओरडायच्या तयारीत होता. मी म्हणालो, "गणपत, मी तुला दर वेळी विचारलं, टाकीत काय जातं. तू सांगितलंस डिझेल. खरंच सांगितलंस. पूजा म्हणजे टाकीत काहीतरी जाणं, हे तुझ्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. मावशींना कोणी विचारलंच नाही. आज विचारलं तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या धंद्यात सील तोडून 'मीच तोडलं' म्हणणारा एक ड्रायव्हर भेटला. आज दुसरं माणूस भेटलं."

गणपतने पेला उचलून बाजूला ठेवला. लोकांचं निरीक्षण अचूक होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. गाडी अमावास्येलाच बंद पडत होती आणि लग्नानंतरच पडायला लागली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांच्यामधली पळी तेवढी कोणी पाहिली नव्हती, आणि मधली जागा रिकामी दिसली की तिथे घरातल्या सगळ्यात नव्या माणसाला उभं करायचं, एवढाच लोकांचा नियम.

हौसाबाई उठली. ट्रंकेपाशी गेली, दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना. दातांनी सोडवायला गेली तशी सुमन चौकटीतून पुढे आली आणि तिने सासूचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आत्या. आधी गाडी चालू तर हुंद्या."

पुढचे दोन-तीन तास कामाचे. टाकी काढून गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. पंपाच्या दांड्या एकेक करून काढल्या, स्वच्छ डिझेलमध्ये धुतल्या. दैवाने या वेळी गंज धरायला वेळ मिळाला नव्हता. तूप मात्र जिथे तिथे होतं. म्हशीचं अस्सल तूप, गंजाला आळा घालायला त्याचा उपयोग झाला असेल तर मला माहीत नाही.

सगळं परत बसवल्यावर नळ्यांतली हवा काढायची असते. एकाने इंजिनावरचा छोटा हातपंप दाबत राहायचं, दुसऱ्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बघायचं. बुडबुडे येतात तोवर हवा आहे. नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. गणपत डबा घेऊन डिझेल आणायला गेला होता तो अजून परतला नव्हता, मी सोबत आणलेल्या थोड्या डिझेलवर काम चालू होतं. मी इकडेतिकडे बघितलं तर सुमन शेजारी येऊन उभी होती. गाडीच्या एवढं जवळ ती लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. मी हातपंप दाखवला. ती दाबायला लागली.

स्क्रूपाशी बुडबुडे यायला लागले.

"मिस्त्री," ती खाली बघतच म्हणाली, "आन् ह्ये सापडलं नसतं तर?"

"सापडलं असतंच. आज नाही तर पुढच्या वेळी."

"पुढच्या टायमाला म्या हितं नसते."

मी स्क्रूकडे बघत राहिलो. "दाबत राहा," मी म्हणालो. "अजून हवा आहे."

ती दाबत राहिली. बुडबुडे संपले आणि स्वच्छ धार आली. मी स्क्रू आवळला.

गणपत आला, त्याने किल्ली फिरवली आणि तंबूतल्या सिनेमाचं ते इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हौसाबाई पुढे झाली, तिने पुढचं दार उघडून धरलं.

"सुमे, बस. पुढं बस. पहिली फेरी तुझी."

सुमनने दाराकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग ती पडवीत गेली, सैल झालेली दोरी तिने परत आवळली आणि ट्रंक उचलून वडिलांच्या हातात दिली.

"आत्या, म्या जाऊन येते. तुम्ही धाडता म्हनून न्हवं, माझ्या मनानं जाते. म्हैनाभर आयेपाशी ऱ्हाते." आवाज चढलेला नव्हता. "आन् न्यायाला ह्यांना धाडा. गाडी घेऊन. पुढच्या आवसंला. दुसऱ्या दिवशी नगं, आवसंलाच."

हौसाबाईने मान हलवली. म्हादू आप्पा काहीतरी बोलायला गेले, तर मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गणपतने ट्रंक डिकीत ठेवली आणि तो त्याच गाडीने दोघांना केडगावला सोडून आला.

मी त्या दिवशी परत आलो आणि माझ्या कामांना लागलो. बेंचवर ट्रॅक्टरचे पंप होते, उसाचा मोसम जवळ आला होता. तरी पुढच्या अमावास्येला सकाळपासून गल्लीत कुठल्याही डिझेल गाडीचा आवाज आला की माझी मान वर व्हायची. कामात माझं लक्ष नव्हतं असं नाही. चार नळ्यांत एक सतत कमी दाखवत होती आणि ती मला सापडत नव्हती, एवढं सांगतो.

दुपारी काळी गाडी दारात येऊन थांबली. इंजिन बंद न करताच गणपत आत बसून राहिला. मागच्या सीटवर हौसाबाई होती, मांडीवर डबा घेऊन. पुढच्या दारातून सुमन उतरली.

"केडगावावरनं आलो, मिस्त्री," ती म्हणाली. "वाटंत कुठं बंद पडली न्हाई."

"बरं झालं."

"दौंडावरनं निमोण्याला जायाचं, तर वाट वाकडी हुती, असं हे म्हनत व्हते. म्हनलं हुंद्या, मिस्त्रींना एक सांगायचंय." तिने गाडीकडे मान वळवून पाहिलं, मग परत माझ्याकडे. "बंद पडली असती ना, तरी म्या आले असते. चालत. आत्यांनाबी तसंच सांगितलंय."

मागच्या सीटवरून हौसाबाई म्हणाली, "सांगितलंय बाई, सांगितलंय. आता बस लवकर, म्हशी वाट बघत असत्याल."

ती बसली आणि तिने दार ओढून घेतलं.